वर्षातला सर्वोत्तम खेळाडू, तरी तीन क्लबांनी काढलेला

प्रश्न : माझा मुलगा सिडनीजवळ पॅरामॅटाला राहतो. त्याच्याकडे मुक्कामाला असताना तिथलं रग्बी पाहण्याचा नाद लागला. गप्पांमध्ये टॉड कार्नी या जुन्या खेळाडूचं नाव निघालं. तो एका वर्षी देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला होता म्हणे, पण एकामागून एक अशा तीन क्लबांनी त्याला काढून टाकलं, आणि तेही खेळ बिघडला म्हणून नव्हे. मला तीन शंका आहेत. मैदानाबाहेर खेळाडू काय करतो याच्याशी क्लबचा संबंध काय? कोर्टाने शिक्षा दिल्यावर क्लबने आणखी शिक्षा का द्यावी? आणि एवढ्या संधी मिळूनही माणूस सावरत कसा नाही? – एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या तिन्ही शंका एकमेकींत गुंतलेल्या आहेत, त्यामुळे क्रमाने घेऊ. थोडक्यात सांगायचं तर क्लब खेळाडूला फक्त खेळासाठी नेमत नाही, कोर्ट आणि क्लब यांच्या शिक्षा वेगवेगळ्या गोष्टींसाठी असतात, आणि संधी देणं म्हणजे मदत करणं नव्हे. शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पण आधी हा खेळ नेमका कोणता ते पाहू, कारण पहिल्या शंकेचं निम्मं उत्तर त्याच्या इतिहासातच आहे.

रग्बी म्हणजे एकच खेळ, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते दोन वेगळे खेळ आहेत. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर वर्षानुवर्षं खेळलं जातं ते रग्बी युनियन, त्यात एका बाजूला 15 जण असतात. ऑलिंपिकमधलं सात-सात जणांचं रग्बी ही त्याचीच शाखा. तुम्ही सिडनीत पाहिलंत ते बहुधा रग्बी लीग, आणि त्यात 13 जण असतात. लीगमध्ये चेंडू हातात घेऊन पळणाऱ्याला समोरचे धरून खाली पाडतात, आपल्या कबड्डीतल्या पकडीसारखं. पाडलेला खेळाडू उठून पुन्हा खेळ सुरू करतो. असं सहा वेळा झालं, की चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की 4 गुण मिळतात, आणि त्यानंतरची किक खांबांमधून गेली की आणखी 2.

हे दोन खेळ वेगळे झाले ते पैशावरून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इंग्लंडमधले बरेच रग्बीपटू खाणीत किंवा गिरणीत राबणारे होते. शनिवारी सामना खेळायचा तर त्या दिवसाची मजुरी बुडायची. ती भरून द्यावी अशी उत्तरेकडच्या क्लबांची मागणी होती. रग्बीची सूत्रं हाती असलेल्या मंडळींना खेळासाठी पैसे देणं मान्य नव्हतं. शेवटी 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी आपली वेगळी संघटना काढली. तिच्यातूनच पुढे रग्बी लीग आकाराला आलं. सिडनीत 1908 मध्ये लीगची स्पर्धा सुरू झाली. युनियनने उघडपणे व्यावसायिक व्हायला पुढे 1995 साल उजाडावं लागलं.

आता तुमची पहिली शंका. लीगमध्ये खेळाडू आणि क्लब यांचं नातं मुळापासून मोबदल्याचं, म्हणजे कराराचं आहे. आजच्या करारांत सराव, आहार, औषधं यांच्याबरोबर वागणुकीचंही कलम असतं. खेळाची प्रतिष्ठा मलिन होईल असं काही करायचं नाही, हे खेळाडूने सही करून मान्य केलेलं असतं. हे कलम चोवीस तास लागू असतं, सामना संपला म्हणून ते संपत नाही. क्लबच्या बाजूनेही कारण समजण्यासारखं आहे. सिडनीतले बहुतेक संघ एकेका उपनगराच्या नावाने उभे आहेत. शाळकरी मुलं त्यांची जर्सी घालून फिरतात, स्थानिक दुकानदार आणि कंपन्या पैसे घालतात. खेळाडूचं नाव रविवारच्या सकाळी चुकीच्या कारणासाठी बातमीत आलं, की सोमवारी प्रायोजकाचा फोन क्लबच्या कार्यालयात येतो.

दुसऱ्या शंकेसाठी कार्नीची कारकीर्द पाहायला हवी. त्याचा जन्म 1986 चा, न्यू साउथ वेल्समधल्या गोलबर्न गावातला. गोलबर्नपासून जवळचं मोठं शहर कॅनबेरा. तिथल्या कॅनबेरा रेडर्स संघातून तो 2004 मध्ये, अठरा पूर्ण होण्याच्या आसपास, देशातल्या सर्वोच्च स्पर्धेत, म्हणजे नॅशनल रग्बी लीगमध्ये उतरला. ऑस्ट्रेलियात अठराव्या वर्षी कायद्याने दारू पिता येते. पैसा, प्रसिद्धी आणि दारूची मुभा या तिन्ही गोष्टी त्याच्या हाती जवळपास एकदमच आल्या.

तो 6 क्रमांकाची जर्सी घालून फाइव्ह-एट्थ या जागी खेळायचा. चेंडू कोणाला द्यायचा, स्वतः कधी पळायचं, किक कधी आणि कुठे मारायची, असे संघाचे बरेच निर्णय या जागेवरच्या खेळाडूच्या हाती असतात. कार्नीला वेग होता, पाय नेमके होते, आणि समोरच्या फळीत फट पडायच्या आधीच ती हेरण्याची नजर होती. असे खेळाडू फार थोडे असतात, त्यामुळे त्यांना सोडून देणं कुठल्याही क्लबला जड जातं. पुढच्या घटना समजून घेताना हे लक्षात ठेवायला हवं.

2007 मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याच्या प्रकरणात तो कोर्टापुढे उभा राहिला. वाहन परवाना गेला आणि सामाजिक सेवेची शिक्षा झाली. 2008 मध्ये कॅनबेरातल्या एका नाइटक्लबमध्ये त्याने गैरवर्तन केल्याचा आरोप झाला आणि त्या वर्षी रेडर्सने त्याचा करार संपवला. मग लीगच्या व्यवस्थापनाने 2009 च्या हंगामासाठी त्याची नोंदणी करायला नकार दिला. त्याने इंग्लंडच्या हडर्सफील्ड जायंट्सशी बोलणी केली. ज्या गावात हा खेळ जन्मला तिथे जाण्याची त्याची तयारी होती, पण जुन्या शिक्षांमुळे ब्रिटनने त्याला व्हिसा दिला नाही. गोलबर्नमधल्या आणखी एका प्रकरणात तर न्यायदंडाधिकाऱ्याने त्याला वर्षभर स्वतःच्याच गावात पाऊल ठेवायला मनाई केली.

एकाच माणसाला इतक्या शिक्षा पाहून कोणालाही वाटेल, की हा अन्याय आहे. पण प्रत्येकाने काय काढून घेतलं ते पाहा. कोर्टाचा संबंध कायद्याशी, त्याने परवाना आणि मोकळीक काढून घेतली. क्लबचा संबंध कराराशी, त्याने नोकरी काढली. लीगचा संबंध संपूर्ण स्पर्धेशी. तिच्याकडे नोंदणी असल्याशिवाय कुठलाही क्लब खेळाडूला मैदानात उतरवू शकत नाही, तिने ती नोंदणीच रोखली. व्हिसाचा निर्णय तर एका परक्या सरकारचा. आपल्याकडेही एखाद्या बँक कर्मचाऱ्यावर खटला चालतो तेव्हा बँकेची खातेनिहाय चौकशी वेगळी होते आणि तिचे निकष वेगळे असतात. त्यामुळे क्लबने कारवाई करणं हा मुळात दुहेरी अन्याय नाही. अन्याय होऊ शकतो तो कारवाईच्या पद्धतीत. त्याचं उदाहरण पुढे याच गोष्टीत येतं.

2009 मध्ये कार्नी क्वीन्सलँडच्या अगदी उत्तरेला, अथर्टन नावाच्या छोट्या गावात गेला आणि तिथल्या स्थानिक संघाकडून खेळला. कॅमेरे नाहीत, मोठा पगार नाही. त्याच हंगामात सिडनी रूस्टर्स हा नामांकित क्लब राष्ट्रीय स्पर्धेत तळाला गेला होता. 2010 साठी रूस्टर्सने कार्नीला घेतलं. लोक याला क्लबचं औदार्य म्हणतात, पण त्यामागे हिशेबही असतो. 1990 पासून या स्पर्धेत प्रत्येक क्लबच्या एकूण पगारखर्चाला कमाल मर्यादा आहे. सगळे उत्तम खेळाडू एकाच क्लबला विकत घेता येत नाहीत. अशा व्यवस्थेत नाव खराब झालेला गुणी खेळाडू इतरांपेक्षा कमी किमतीत मिळू शकतो. म्हणून एका क्लबने काढलेल्या खेळाडूला दुसरा क्लब घेतो, हे लीगमध्ये वारंवार दिसतं.

त्या हंगामात कार्नी दारूपासून लांब राहिला, आणि निकाल सर्वांना दिसला. तळाला असलेला संघ एका वर्षात अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तिथे सेंट जॉर्ज इलावारा संघाने त्यांना 32-8 असं हरवलं, तरी 2010 चं डॅली एम पदक कार्नीला मिळालं. लीगच्या सुरुवातीच्या काळातले महान खेळाडू डॅली मेसेंजर यांच्या नावाचं हे पदक हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूला देतात. त्याच वर्षी तो ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघातही खेळला. वयाच्या चोविसाव्या वर्षी त्याने मिळवलेलं हे यश अगदी खरं होतं, आणि ते त्याच्या मेहनतीचंही होतं.

इथे तुमची तिसरी शंका येते. यश मिळालं, मान मिळाला, मग माणूस पुन्हा का घसरतो? यामागे एक समज आहे, की यशामुळे माणूस सुधारतो. दारूच्या बाबतीत बऱ्याचदा उलटं घडतं. संकटाच्या वर्षात बंधनं कडक असतात, सगळ्यांचं लक्ष असतं, आणि परत येण्याची ओढ मोठी असते. पदक मिळालं, की आता सगळं ठीक झालं असं खेळाडूलाही वाटतं आणि क्लबलाही. बंधनं सैल होतात. पण एक वर्ष पथ्य पाळल्याने जुनी सवय मुळातून गेलेली नसते. 2011 च्या सुरुवातीला दारू आणि गाडीचं प्रकरण पुन्हा उद्भवलं, त्या हंगामात दारूवरून आणखी वाद झाले, आणि हंगाम संपायच्या आत रूस्टर्सने करार संपवला. पदक मिळून वर्षही झालं नव्हतं.

या घसरणीत परिस्थितीचाही वाटा असतो. तुमच्या मुलाला विचारा, पॅरामॅटातला लीग्ज क्लब त्याने नक्की पाहिला असेल. सिडनीत अशा इमारती जागोजागी आहेत. आत जेवण, बार आणि जुगाराची यंत्रं असतात, आणि त्या कमाईतला वाटा रग्बी संघाला मिळतो. म्हणजे खेळ आणि बार यांची आर्थिक नाळ जुनी आहे. क्वीन्सलँड संघाच्या जर्सीवर बिअरचं नाव अनेक वर्षं झळकत होतं. हंगाम संपला की संघाने एकत्र बसून दिवसभर प्यायचं, अशी 'मॅड मंडे'ची प्रथाही आहे. सामना जिंकला तरी पेला, हरला तरी पेला. अशा वातावरणात एका तरुणाने एकट्याने पथ्य पाळावं, ही अपेक्षा सोपी नाही. यामुळे त्याची जबाबदारी कमी होत नाही. दारू पिऊन गाडी चालवणारा दुसऱ्याच्या जिवाशी खेळतो, आणि ती चूक त्याचीच असते. पण कारण समजून घेतलं नाही तर उपायही सापडत नाही.

2012 मध्ये सिडनीच्या दक्षिणेकडच्या क्रोनला शार्क्सने त्याला घेतलं आणि त्याचा खेळ पुन्हा बहरला. त्याच वर्षी तो न्यू साउथ वेल्सकडून स्टेट ऑफ ओरिजिन मालिका खेळला. न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलँड अशा या तीन सामन्यांच्या मालिकेचं वेड लीगच्या जगात राष्ट्रीय सामन्यांहूनही मोठं मानलं जातं. मालिका 1-1 अशी बरोबरीत होती. ब्रिस्बेनच्या तिसऱ्या सामन्यात शेवटची काही मिनिटं उरली असताना कार्नीला अगदी बाजूरेषेजवळून किक घ्यायची होती. कोन अवघड होता आणि मैदान क्वीन्सलँडच्या पाठीराख्यांनी भरलेलं होतं. किक खांबांमधून गेली आणि 20-20 अशी बरोबरी झाली. नंतर क्वीन्सलँडच्या कूपर क्रॉन्कने लांबून एक गुणाची किक साधली आणि सामना 21-20 असा गेला. न्यू साउथ वेल्स हरलं, पण दडपणाखाली हा माणूस डगमगत नाही हे सगळ्यांनी पाहिलं.

जून 2014 मध्ये एक फोटो फिरू लागला. एका नाइटक्लबच्या स्वच्छतागृहात मित्राने काढलेला, कार्नीच्या किळसवाण्या चेष्टेचा तो फोटो होता. तो खाजगी राहील असं त्या दोघांना वाटलं असावं, पण काही तासांत तो सगळीकडे पोहोचला आणि शार्क्सने लगेच करार संपवला. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कार्नीची ऑस्ट्रेलियातली मोठी कारकीर्द संपली ती एखाद्या मोठ्या गुन्ह्यामुळे, असं बरेच जण धरून चालतात. वस्तुस्थिती अशी, की आधीची प्रकरणं कायद्याच्या दृष्टीने जास्त गंभीर होती, आणि त्यांच्यानंतर त्याला नवा क्लब मिळाला होता. हा फोटो ओंगळ होता, पण त्यात कोणाला इजा नव्हती. तरी शेवट त्यानेच केला, कारण क्लबपुढे एकटा फोटो नव्हता, आधीची सात वर्षंही होती.

आणि पद्धतीचा प्रश्न उभा राहिला तो इथेच. कार्नीला आपली बाजू मांडायला बोलावलंच नव्हतं. पुढे लीगच्याच अपील समितीने क्लबने रीतसर सुनावणी दिली नाही असा निष्कर्ष काढला. काढण्याचं कारण क्लबला कितीही पुरेसं वाटलं, तरी त्या माणसाचं म्हणणं ऐकून घेणं हे कोणत्याही मालकाचं किमान कर्तव्य आहे. घाईने, लोकांच्या रागाकडे बघून घेतलेला निर्णय योग्य असला तरी तो योग्य वाटत नाही, आणि शिक्षा भोगणाऱ्याला स्वतःच्या चुकीऐवजी झालेला अन्यायच आठवत राहतो.

नियम आधी ठरलेले असले तर असं टळतं, याचं उदाहरणही याच लीगमध्ये आहे. 2019 मध्ये लीगने नियम केला, की ज्या गुन्ह्याला कमाल 11 वर्षं किंवा त्याहून जास्त कैद होऊ शकते, त्याचा आरोप पोलिसांनी ठेवला तर खेळाडूने निकाल लागेपर्यंत आपोआप बाजूला व्हायचं. पगार मात्र चालू राहतो आणि सराव करता येतो, कारण दोष अजून सिद्ध झालेला नसतो. हा नियम कोर्टात गेला आणि तिथल्या फेडरल कोर्टाने तो टिकवला. या नियमावर वाद आहेत, कारण खटले लांबतात आणि खेळाडूची उमेदीची वर्षं जातात. पण कोणाला कधी बाजूला करायचं, हे निदान वर्तमानपत्राच्या मथळ्यावर अवलंबून राहत नाही.

आणखी दोन समज दूर करतो. पहिला, लीगचे खेळाडू म्हणजे सगळे असेच. लीगमध्ये आज 17 संघ आहेत आणि प्रत्येकाचा मुख्य चमू 30 जणांचा, म्हणजे पाचशेच्या आसपास तरुण. त्यातले बहुतेक सराव करतात, शिकतात, संसार करतात, आणि म्हणूनच त्यांची बातमी होत नाही. दुसरा, कार्नी संपला. तसं झालं नाही. 2015 मध्ये तो दक्षिण फ्रान्समधल्या पर्पिन्याँ शहरातल्या कॅटलन्स ड्रॅगन्सकडून खेळला आणि पुढे इंग्लंडच्या सॅलफर्ड संघातही गेला. नॅशनल रग्बी लीगमध्ये मात्र तो पुन्हा दिसला नाही. शेवटचा सामना खेळला तेव्हा तो 28 वर्षांचा होता, आणि त्या जागेवरच्या खेळाडूची समज अनेकदा त्याच वयात पिकते.

मग दोष कोणाचा? पहिला वाटा कार्नीचाच. गाडीची किल्ली त्याच्या हातात होती. पण तीन क्लबांनी त्याच्याशी केलेला व्यवहार पाहिला, तर एक गोष्ट सारखी दिसते. खेळ हवा होता तेव्हा त्याला घेतलं, आणि बातमी नको झाली तेव्हा सोडलं. या दोन टोकांच्या मध्ये जे काम सर्वांत जास्त व्हायला हवं होतं, ते म्हणजे तो जिंकत असतानाच त्याच्याकडे लक्ष ठेवणं. 2010 च्या पदकानंतरचे महिने त्यासाठी योग्य होते. त्या वेळी बंधनं सैल करण्याऐवजी टिकवली असती, व्यसनावर उपचार करणाऱ्या माणसाशी त्याचं नियमित बोलणं चालू ठेवलं असतं, आणि चुकलास तर नेमकं काय होईल हे आधीच लेखी ठरवलं असतं, तर निकाल वेगळा लागला असता असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण प्रयत्न नक्कीच योग्य जागी झाला असता.

हे फक्त ऑस्ट्रेलियापुरतं नाही. गावचा कबड्डीपटू असो, जिल्ह्याचा पैलवान असो किंवा विशीच्या आत मोठा करार मिळालेला क्रिकेटपटू असो, हरलेल्या मुलाकडे सगळे धावतात आणि जिंकलेल्याला मोकळा सोडतात. तुमच्या घरात किंवा ओळखीत असा एखादा तरुण असेल, तर त्याच्या विजयाच्या महिन्यात त्याच्याशी जास्त बोला. त्याची संगत कोण आहे ते विचारा, पैसा कुठे जातो ते विचारा, रात्री घरी कसा येतो तेही विचारा. तो चिडला तरी विचारणं थांबवू नका.

पुढच्या खेपेला पॅरामॅटाला गेलात, की मुलाबरोबर मैदानावर जाऊन एक सामना जरूर पाहा. 6 क्रमांकाच्या खेळाडूवर नजर ठेवा, म्हणजे हा खेळ लवकर कळेल.